विमा कंपनीचें नकारपत्र

परभणी जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे पाथरी, मानवत, परभणी या वाटेवर मालमोटारींची वर्दळ वाढते. या मोटारींचे सारेच मालक धनिक असतात असें नाहीं. पुष्कळांजवळ एकच मोटार, तीही कर्जावर घेतलेली, आणि तिच्यावर दोन कुटुंबें जगत असतात. एक मालकाचें व दुसरें ड्रायव्हरचें. अपघात झाला कीं तिसरें एक कुटुंब या व्यवहारांत ओढलें जातें. ज्याचा माणूस रस्त्यावर गेला, त्याचें. आणि मग विमा कंपनीचें पत्र येतें, कीं अमुक अटीचा भंग झाल्यामुळें आपला दावा मान्य करतां येत नाहीं. छापील कागद, मोठा शिक्का आणि खालीं सही पाहून साधा मनुष्य तें पत्र घडी करून पेटींत ठेवतो. माझें आज इतकेंच सांगणें आहे, कीं तें पत्र पेटींत ठेवावयाचें नसतें.

विमा हा दोघांमधला करार आहे. 'अट मोडली' हें त्यांतील एका पक्षाचें मत. त्यावर निर्णय देण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे. म्हणून पत्र हातीं पडतांच पहिला प्रश्न विचारावा: नाकारलेला दावा कोणाचा? मोटारीच्या नुकसानीबद्दल मालकानें केलेला, कीं मृताच्या वारसांनीं मागितलेल्या भरपाईचा? हे दोन दावे निराळे आहेत व त्यांचे मार्गही निराळे आहेत.

आधीं वारसांचा विचार करूं. मोटारीमुळें इतरांस होणाऱ्या इजेचा विमा ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३९ च्या कायद्याखालीं १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. आज तीच सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत आहे. तिचा हेतु रस्त्यानें जाणाऱ्या तिऱ्हाइताचें रक्षण करणें हा होय. हा हेतु ध्यानांत ठेवूनच न्यायालयांनीं कंपन्यांच्या सबबी तपासल्या आहेत.

१९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें स्कँडिया विमा कंपनीचा खटला आला. मालमोटारीचा ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून खाद्यपदार्थ आणावयास उतरला. क्लीनरनें, परवाना नसतां, मोटार हांकली व एकाचा प्राण गेला. कंपनी म्हणाली, परवाना नव्हता, सबब आम्ही मोकळे. न्यायालयानें उलट विचारलें, कीं यांत मालकानें काय केलें? त्यानें परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता. अट त्यानें मोडली नव्हती. कंपनीस भरपाई द्यावी लागली. पुढें २००४ मध्यें स्वर्णसिंग खटल्यांत तीन न्यायमूर्तींनीं हेंच तत्त्व विस्तारानें मांडलें. परवाना खोटा किंवा मुदत संपलेला निघाला, एवढ्यानें वारसांचें तोंड बंद होत नाहीं. मालकानें योग्य दक्षता घेतली नाहीं हें कंपनीनें सिद्ध करावयाचें. कित्येक प्रकरणांत न्यायालयें कंपनीस सांगतात, कीं आधीं वारसांस रक्कम द्या, मग ती मालकाकडून वसूल करा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचें मालवाहू वाहनही चालवितां येतें हें कायम केलें; त्यामुळें लहान मालमोटारींपुरती एक नेहमींची सबब गेली.

परंतु प्रत्येक नकार अन्यायाचाच असतो असें समजूं नये. मालमोटारींत भाडें देऊन वा फुकट बसलेल्या उतारूंची जबाबदारी कंपनीवर नाहीं, असें २००२ च्या आशाराणी खटल्यांत ठरलें. आपला कापूस बाजारांत नेणारा शेतकरी मालाचा धनी म्हणून मोटारींत बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनें त्याला संरक्षण आहे. त्याच मोटारींत बसविलेल्या लग्नाच्या वऱ्हाडाला तें नाहीं. हा भेद अपघातापूर्वीं कळला, तर कित्येक घरें वांचतील.

आतां करावयाचें काय? वारसांनीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावें. अर्ज अपघाताच्या ठिकाणीं करतां येतो, तसाच आपण राहतों त्या ठिकाणींही. परभणीच्या कुटुंबानें मुंबईची वाट धरण्याचें कारण नाहीं. २०२२ पासून या अर्जास सहा महिन्यांची मुदत कायद्यांत आली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तथापि शहाण्यानें त्या वादाच्या भरंवशावर राहूं नये. चूक कोणाची हें सिद्ध न करतां ठराविक रक्कम घ्यावयाची असल्यास कलम १६४ प्रमाणें मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात.

मालकाचा मार्ग निराळा. त्यानें प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी उत्तर द्यावें: कोणती अट, ती पॉलिसींत कोठें आहे आणि तिच्या भंगाचा अपघाताशीं संबंध काय, हे तीन प्रश्न विचारावे व सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. एका महिन्यांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. नकारापासून एक वर्षाच्या आंत ही तक्रार करतां येते, तिला फी नाहीं आणि वकीलही लागत नाहीं. नाहीं तर दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मोटार धंद्याची आहे म्हणून मालक ग्राहक ठरत नाहीं, ही हरकतही आतां टिकावयाची नाहीं. विमा नफ्यासाठीं नसून नुकसान भरून काढण्यासाठीं घेतला जातो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ मध्यें सांगितलें आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मालमोटार नसेल. पण गांवाकडचा एखादा आप्त, कामावरच्या बाईंचा भाऊ, शेजारचा ड्रायव्हर असें पत्र घेऊन आपल्याकडे येईल, कारण घरांत लिहितें वाचतें माणूस आहे हें त्याला ठाऊक असतें. त्याला 'कंपनीच नाहीं म्हणते, काय करणार' असें सांगून परत लावूं नका. पाकिटावरची तारीख पाहा, पत्रांतलें कारण त्याला मराठींत समजावून सांगा आणि त्याच दिवशीं उत्तराचा पहिला मसुदा लिहून द्या.