घरचा सिनेमा आणि घरची बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘दोन शब्द बोला’ असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भाषण करणे हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक घरगुती समारंभ झाला, त्याची हकिगत शेजारच्या दोघी-तिघींनी ऐकली होती. ‘तीच सांगा’ असा त्यांनी आग्रह धरला, म्हणून मी उभी आहे. समारंभ कसला, तर घरच्या घरी, सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहण्याचा.

एकत्र बसून पाहणे ही आपल्या झाडीपट्टीला नवी गोष्ट नाही. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले, की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दंडार, खडी गंमत, रात्ररात्र चालणारी नाटके! लेकी माहेरी येतात, जावई येतात, घर पाहुण्यांनी भरून जाते. आता मात्र तेच पाहुणे घरी येतात आणि पाच जण पाच कोपऱ्यांत पाच मोबाईल घेऊन बसतात. हसू येते तेही ज्याचे त्याला! म्हणून मागच्या दिवाळीत आमच्या लेकीने टूम काढली, की नागपूरचे काका-काकू येणार आहेत, तर सर्वांनी मिळून एकच सिनेमा पाहायचा. भाच्याने कोठूनसा प्रोजेक्टर आणला, अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, चटया अंथरल्या. मुलांचा आनंद गगनात मावेना.

आणि मी? मी सिनेमा सुरू होताच कढई चढवली. गरम भजी हवीत, मग चहा हवा, मग लहानग्याला दूध. एक घाणा काढावा तोवर दुसऱ्याची हाक येई. आतून मला सिनेमा ऐकू येत होता. सर्व जण खदखदून हसत, आणि कशाला हसले ते मला ठाऊक नसे. हात पुसून मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर नुसती नावे सरकत होती. धाकटा मुलगा मांडीवर येऊन विचारतो, “आई, तुला कोणतं आवडलं?” काय सांगणार? “सगळंच आवडलं,” असे म्हटले, आणि लेकरापाशी खोटे बोलले याचे रात्रभर वाईट वाटले.

सकाळी भांडी घासताना ही गोष्ट मी सासूबाईंना हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई, चाळीस मंडया झाल्या माझ्या या घरात. मी नाटक ऐकलं. पाहिलं नाही.” मंडप आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असे. पाहुण्यांची पंगत उठवून, उष्टी काढून, सकाळची तयारी करीपर्यंत पहाट होई. गाण्यावरून त्या ओळखत, की आता राजा आला, आता राणी रडते आहे. पण राणीचे लुगडे कोणत्या रंगाचे ते त्यांनी कधी पाहिले नाही. भगिनींनो, त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते माझ्या मनाला फार लागले.

मी ठरवले, की पुन्हा एकदा सिनेमा करायचा, पण या वेळी घरातली एकही बाई चुलीपाशी राहता कामा नये. सव्वीस जानेवारीच्या सुटीला नागपूरची मंडळी येणार होती. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट निवडला. परेश मोकाशी यांचा हा २००९ सालचा मराठी चित्रपट, दीड तासाचा, आजीपासून नातवापर्यंत सर्वांना चालणारा. दादासाहेब फाळके यांनी आपला पहिला चित्रपट कसा काढला, त्याची ही हसतखेळत सांगितलेली कथा आहे.

विषय एकदा ठरला, की बाकीचे त्याच्यामागून आपोआप येते. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, प्रयोग म्हणून कुंडीतले वाटाण्याचे रोप घेतले. ते रोज थोडे थोडे टिपले आणि पडद्यावर ते भराभर वाढताना दाखवले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून ही खटपट! आम्हीही आठ दिवस आधी मुलांकडून कुंडीत वाटाणे पेरून घेतले. जुन्या वहीच्या कोपऱ्यात रोज एक चित्र, नंतर मधली चित्रे मनाने भरून काढायची. अंगठ्याने पाने फरफर सोडली की कोंब वर येताना दिसे! सिनेमाचे सारे रहस्य एवढेच आहे, हे पोरांना न शिकवता कळले.

खाण्यालाही वाटाणाच! आदल्या रात्री भिजवून सकाळी शिजवलेल्या वाटाण्याच्या घुगऱ्या, मुरमुऱ्यांचा चिवडा, तिळाचे लाडू, आणि घरच्या तांदळाचा मसालेभात एक मोठा गंज भरून. यांत शेवटच्या क्षणी तळण्यासारखे काही नाही, आणि गार झाले म्हणून बिघडण्यासारखेही काही नाही. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, म्हणजे भांड्यांचा ढीग नाही. दिवेलागणीला सारे तयार झाले, आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने स्वयंपाकघराला कडी घातली.

सिनेमापूर्वी अर्धा तास खेळ झाले. त्या काळी चित्रपट मुके होते, म्हणून पहिला खेळ मूकनाट्याचा. चिठ्ठीतला प्रसंग एकाने न बोलता करून दाखवायचा, इतरांनी ओळखायचा. आमच्या यजमानांनी बैल हुसकणारा शेतकरी असा काही वठवला, की शेजारची मुले कुंपणावर चढली. दुसरा खेळ माझ्या आवडीचा. ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम करायला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके राणी झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता दोन्ही तेच होते! मी म्हटले, खाणावळीतला माणूस राणी झाला, तर आमच्या राणीने वाढायला काय हरकत आहे? चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघाले भाऊजींचे. जाऊबाईंनी त्यांना नऊवारी नेसवले, आणि ‘तारामती’ने डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांना घुगऱ्या वाढल्या. आम्ही दोघी जावा पाय पसरून बसलो होतो. लग्नानंतर प्रथमच, असे जाऊबाई म्हणाल्या.

मग दिवे मालवले. नंदू माधव फाळके झाले आहेत आणि विभावरी देशपांडे त्यांची पत्नी सरस्वतीबाई. सिनेमात जे आहे ते आपण पाहालच, परंतु सरस्वतीबाईंविषयी मला थोडे सांगू द्या. फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणि यंत्रे घेऊन आले. विकत आणलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत. अंधारात बसून ती यंत्राने पाडायची, हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणे, रसायने कालवणे शिकल्या. चित्रण चाले तेव्हा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. दागिने दिले. आणि हे सारे करून साठ-सत्तर माणसांच्या कंपनीला रोज जेवू घालीत. त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात तो चित्रपट लोकांसमोर आला. आज फाळक्यांच्या नावाने सरकारचा मोठा पुरस्कार आहे, आणि १९६९ सालचा पहिला मान देविकाराणी या स्त्रीलाच मिळाला. सरस्वतीबाईंचे नाव मात्र किती जणींना ठाऊक आहे?

सासूबाई भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसल्या. मध्ये एकदा त्या उठू लागल्या, “दूध झाकलं का पाहते,” म्हणून. यजमान म्हणाले, “आई, बस तू. मी पाहतो.” आणि ते गेले. एवढेसे वाक्य, पण मी ते विसरणार नाही.

सिनेमा संपल्यावर सासूबाईंनी विचारले, “काय वं, त्या फाळक्याच्या बायकोनं कधी निवांत बसून सिनेमा पाहिला असंल का?”

मला उत्तर ठाऊक होते. १९११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके झपाटून गेले, आणि पुन्हा पाहायला गेले ते सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन. आपल्या चित्रपटाचा जन्म झाला तो नवरा-बायको शेजारी शेजारी बसली होती तेव्हा! हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “मग तं तो माणूस शहाणा होता.”

भगिनींनो, एका संध्याकाळीने घर बदलते असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मीच केला, आणि मोबाईलही पुन्हा कोपऱ्याकोपऱ्यांत गेले. परंतु धाकट्याने विचारले, “आई, तुला कोणतं आवडलं?” तेव्हा मी त्याला पुरे पाऊण तास सांगत होते.

तेव्हा आपणही असा बेत अवश्य करा. चित्रपट कोणताही घ्या, त्याला शोभेलसे साधे खाणे करा, दोन खेळ बसवा. खर्च फार नाही. पांढरी चादर प्रत्येकीच्या पेटीत आहेच, आणि प्रोजेक्टर न मिळाला तर टीव्हीही चालेल. एकच पथ्य पाळा. सिनेमा सुरू होण्यापूर्वी स्वयंपाकघराला कडी घाला, आणि ती कडी घरातल्या सर्वांत वडील बाईच्या हातून घालवा. तिने किती मंडया नुसत्या ऐकल्या आहेत, ते एकदा तिला विचारा.