नमस्काराचा नेम



देवळाच्या पायरीला हात लावून तो कपाळी नेण्यासाठी मनुष्याला कमरेत वाकावे लागते. पुढे सभामंडपात येऊन तो साष्टांग घालतो, उठतो, पुन्हा घालतो. मग गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा सुरू होतात. कुणी पाच घालतो, कुणी अकरा, नवस असलेला एकशे आठ. उत्सवाच्या रात्री पालखीला खांदा देणारे तासन्‌तास अनवाणी उभे असतात आणि महाप्रसादाच्या पंगतीत वाढपी कमरेतून शेकडो वेळा वाकून पानापानावर वाढत जातो. चवथीत फुगडी घालणाऱ्या, पौषात धालो खेळणाऱ्या बायका, शिगम्यातले रोमटामेळ आणि घोडेमोडणी, साखळीच्या वीरभद्राचा तो अंगावर काटा आणणारा आवेश, हे सारे ज्या शरीरांनी केले आणि पाहिले, त्या शरीरांना कुणी ‘व्यायाम करा’ असे स्वतंत्रपणे सांगावे लागले नाही. कुळागरातील पोफळीला पाणी शिंपणे, डोंगर चढून पलीकडच्या गावी जाणे, वाळवंटीत पोहणे आणि उत्सवाला चालत येणे, एवढ्यात अंगाची मशागत परस्पर होत असे. आपल्या वाडवडिलांनी देहाची काळजी देवाच्या आणि जमिनीच्या सेवेत मिसळून टाकली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

आता ती मिसळण सुटली आहे. देवळाच्या दारापर्यंत मोटार येते. पंगतीच्या जागी टेबले मांडावी लागतात, कारण मांडी घालून बसणे साठीच्याच नव्हे, चाळिशीतल्या मंडळींनाही अवघड झाले आहे. पालखीचा मान ज्या घराण्याचा, त्या घराण्याचा तरुण पहिल्या वळणावर खांदा बदलतो. यात कुणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. नोकरी खुर्चीतली, घर मुंबईत किंवा पणजीत चौथ्या मजल्यावर, मग शरीर दुसरे काय शिकणार? परंतु याचा हिशेब कुठेतरी लागतोच, आणि तो लागला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के आढळले. गोव्यात ते 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. चार माणसांमागे एक! महाप्रसादाच्या पंगतीत जरा नजर फिरवली तरी गोडाचा द्रोण हळूच बाजूला सारणारे हात दिसतात. अशा वेळी व्यायाम हा काही हौशी तरुणांचा विषय राहत नाही. घराघरात औषधाच्या गोळ्यांची डबी देवघराशेजारी येऊन बसली आहे.

व्यायामाचे प्रकार अनेक आहेत आणि ज्याला जो रुचेल तो त्याने करावा. पण देवळाशी ज्याचे नाते सर्वांत जवळचे, आणि ज्याला एक पैशाचे साहित्य लागत नाही, तो सूर्यनमस्कार. त्याची आधुनिक कथा ज्या गृहस्थांपासून सुरू होते, ते सातारा भागातील औंध या बहात्तर गावांच्या छोट्या संस्थानाचे अधिपती, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा. चित्रकार, कीर्तनकार, यमाईचे निस्सीम भक्त. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली कारखान्यासाठी माळरान देणारे आणि 1938 मध्ये औंधास चित्रसंग्रहालय उभारणारे असे हे राजे. राजांच्या लहरींच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. या राजाची लहर मात्र प्रजेच्या पाठीचा कणा ताठ करण्याची होती.

बाळासाहेब जन्मतः बलदंड नव्हते. ऐन तारुण्यात देह स्थूल झाला होता. त्या काळी यूजेन सँडो या युरोपीय मल्लाची कीर्ती जगभर पसरली होती. पुढे 1904-05 च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बाळासाहेबांनी त्याच्या आधीच, 1897 च्या सुमारास, सँडोची पुस्तके आणि डंबेल्स आदी सर्व उपकरणे मागवली आणि जवळजवळ दहा वर्षे त्या पद्धतीने मनापासून मेहनत केली. गुण आला, परंतु उपकरणांवाचून अडणारा हा व्यायाम गरिबाच्या घरी पोहोचणारा नाही, हेही दिसले. मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते नमस्कारांकडे वळले आणि तेव्हापासून उतारवयापर्यंत तो नेम त्यांनी सोडला नाही.

नेम स्वतःपुरता ठेवला असता तर ती एका संस्थानिकाची दिनचर्या झाली असती. त्यांनी तो औंधच्या शाळांतून सुरू केला. मुलेच काय, राणीसाहेब आणि राजकन्याही नमस्कार घालत. कुलीन स्त्रीने घाम गाळणे अमंगळ मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. 1936 मध्ये ते विलायतेस गेले असता लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे वय आणि त्यांची कांती यांचा मेळ न बसल्याने चौकशी केली. त्यातून वृत्तपत्रात लेख आले आणि 1938 साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. नमस्काराच्या दहा स्थितींवरूनच त्याचे नाव ठेवले होते. पुढे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत राहिले, त्यांनीही 1970 मध्ये याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्या राजाने अंगमेहनतीचा आग्रह धरला, त्यानेच गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. या दोन गोष्टींचा संबंध जोडावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. बाळासाहेब 1951 साली, त्र्याऐंशीव्या वर्षी वारले.

या कथेत आपल्या शेजारचा एक धागा आहे, तो विशेष आवर्जून सांगण्यासारखा. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे सावंतवाडी संस्थानातील कोलगावचे; साखळीहून सीमा ओलांडली की लागणाऱ्या मुलखातले. जन्म 19 सप्टेंबर 1867. मूळ पिंड चित्रकाराचा. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते हैदराबाद, लाहोर असे फिरले, वेदाध्ययनाकडे वळले आणि अखेर बाळासाहेबांच्या आश्रयाने औंधास येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. वेदांची भाष्ये लिहिणारा हा विद्वान आसने आणि सूर्यनमस्कार यांवरही पुस्तके लिहीत होता आणि स्वतः आचरीत होता. पंडिताने शरीराकडे पाहू नये, अशी एक चुकीची समजूत आपल्याकडे रूढ आहे. पोथी वाचता वाचता पाठ वाकली तर ते विद्वत्तेचे लक्षण समजतात! सातवळेकरांनी ती समजूत स्वतःच्या उदाहरणाने खोटी पाडली. 1948 नंतर, वयाच्या ऐंशीनंतर, औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे त्यांनी सारा संसार आणि छापखाना पुन्हा नव्याने मांडला. ऐंशीव्या वर्षी बिऱ्हाड हलवून नवी संस्था उभी करण्याचे बळ कुठून आले, हे विचारण्याजोगे आहे. 31 जुलै 1968 रोजी त्यांचे देहावसान झाले तेव्हा वयाची शंभरी पूर्ण झाली होती. नमस्कार घालणारा प्रत्येक जण शंभरी गाठतो, असे यावरून कुणी समजू नये. आयुष्याची दोरी अनेक हातांत असते.

सूर्यनमस्कार वेदकालापासून जसाच्या तसा चालत आला आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. तेवढे खरे नाही, आणि देवळाच्या मंडपात तरी खरे तेच बोलावे. सूर्याची उपासना निःसंशय प्राचीन आहे. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर ही बारा नामे घेऊन नमन करण्याची, तृचाकल्पाने नमस्कार घालण्याची रीत वैदिक घरांतून होती. समर्थ रामदासांनी रोज बाराशे नमस्कार घातल्याची परंपरा सांगतात. आपल्याकडे श्रावणातल्या आयतारी पत्री वाहून आदित्याची पूजा होते, रथसप्तमीला दूध उतू घालतात. परंतु हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्कार हे आसन म्हणून सापडत नाही. उलट हठयोगप्रदीपिकेचा टीकाकार ब्रह्मानंद याने फार सूर्यनमस्कार घालणे हा साधकाने टाळावयाचा कायक्लेश म्हणून सांगितला आहे. म्हणजे मूळ पूजेचा नमस्कार निराळा, आखाड्यातील जोर-दंडांची मेहनत निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभी औंधास या दोहोंची सांगड नीट बसली आणि तिथून ती म्हैसूर, बंगळूर करीत जगभर गेली. यात कमीपणा काही नाही. पूर्वजांचे घेऊन त्यात आपली भर घालणे हेच जिवंत परंपरेचे काम.

औंधच्या पद्धतीत नमस्काराच्या स्थिती दहा. हात जोडून ताठ उभे राहावे. गुडघे न वाकवता पुढे वाकून तळवे जमिनीला टेकावेत. एक पाय मागे न्यावा, मग दुसरा. त्यानंतरची पाचवी स्थिती म्हणजे देवापुढचा साष्टांग: दोन पावले, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ. छाती वर उचलून मान मागे, मग कंबर वर. आणि आल्या वाटेने परत उभे. सारी गोम तळव्यांत आहे: एकदा टेकलेले पंजे शेवटपर्यंत जागेवरून हलवावयाचे नाहीत. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते. पंजे पुढेमागे सरकतात आणि कंबरेवर पडावयाचा ताण कुठेच पडत नाही. श्वास नाकाने, आणि घाई मुळीच नको. जेवणानंतर लगेच घालू नयेत. पहाटेची वेळ सर्वांत बरी.

किती घालावेत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि इथेच उत्साहाने घात होतो. औंधकरांचे आकडे शेकडोंच्या घरात असत. ते ऐकून पन्नाशीचा गृहस्थ पहिल्याच दिवशी पन्नास घालतो, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही आणि तिसऱ्या दिवशी नेम संपतो. वाग्भटाने या बाबतीत फार शहाणपणाचा शब्द योजला आहे: अर्धशक्ती. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा. एरवी त्याहून सौम्य. ही अर्धी शक्ती मोजावी कशी? सुश्रुताने खूण दिली आहे की श्वास तोंडावाटे येऊ लागला म्हणजे बळाचे अर्धे संपले. बस, तिथे थांबावे. त्यापुढे रेटणाऱ्याला तहान, खोकला, ज्वर, क्षीणता हीच प्राप्ती. दमट हवेच्या आपल्या गोव्यात, मे महिन्यात, हा नियम दुप्पट लागू पडतो. आरंभी तीन, आठवड्याने सहा, महिन्याने बारा, ही चाल संथ वाटली तरी टिकणारी आहे. बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, तेव्हा सवड नाही ही सबब चालणार नाही.

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा पाठीच्या मणक्याचे दुखणे असलेल्यांनी वैद्याला वा डॉक्टरांना विचारल्यावाचून वाकण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी चालणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी दर आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम प्रतीचे श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. रोज पाऊण तास चालणाऱ्याचा पहिला हिशेब सहज भरतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तर रक्तातील साखर फार चढत नाही, हेही आता चांगले सिद्ध झालेले आहे. आजीबाईंची शतपावली डॉक्टरांच्या कागदावर परत आली. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचा अभ्यास आठवड्यातून तीन दिवस सांगितला आहे, तोही प्रदक्षिणेच्या मार्गात अनायासे होण्यासारखा आहे. भिंतीचा आधार हाताशी असतो आणि पडलेच तर उचलायला चार माणसे जवळ असतात.

राहिला जागेचा प्रश्न. प्रातःपूजा होऊन अभिषेकाची मंडळी येईपर्यंत देवस्थानचा सभामंडप बहुधा मोकळाच असतो. वर छप्पर, खाली थंड फरशी. अग्रशाळेची ओसरीही आहे. सोवळ्याच्या वेळेला बाध न आणता तासभर तिथे नमस्कार घालता येतील. मुलांना शाळेआधी, स्त्रियांना त्यांच्या सोयीची निराळी वेळ. साहित्य म्हणून एक जाड पंचा, तोही घरचाच. परगावच्या महाजनांनी उत्सवाला दोन दिवस आधी यावे आणि पालखीच्या मानकऱ्यांनी तरी महिनाभर अगोदर घरी सुरुवात करावी. रथसप्तमी माघात येते. तोवर हवा थंड असते, आणि वाग्भटाने जो काळ सांगितला तोही हाच.