‘साला’ : एका शब्दाचें कुळ आणि शील

१९८२ सालीं चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन भाग झालेल्या जुन्या चांदा जिल्ह्यांत, कोणत्याही आठवडी बाजारीं घटकाभर उभें राहिलें, तर ‘साला’ हा शब्द कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. बैल अडला तरी साला, पाऊस लांबला तरी साला, आणि जिवलग मित्र पुष्कळ दिवसांनीं भेटला तर तोही साला. मात्र हाच शब्द पोरानें वडील माणसांसमोर उच्चारला, कीं त्याचा कान उपटला जातो. नातें सांगणारा शब्द शिवी कसा झाला, श्रोतेहो, हें पाहण्याजोगें आहे.

शब्दाचें कुळ थोर आहे. ऋग्वेदांत ‘स्याल’ येतो तो दात्याचा नमुना म्हणून. इंद्र आणि अग्नि हे उण्या जांवयाहून आणि शालकाहूनही अधिक देणारे आहेत, अशी तेथें स्तुति आहे. यास्कानें निरुक्तांत या शब्दाची फोड दोन प्रकारें केली : संबंधानें जवळ आलेला तो स्याल, किंवा सुपांतून लाह्या घालतो तो स्याल. दुसरी फोड कोणास पटो वा न पटो, तिच्यांतील चित्र आजही खरें आहे. लाजाहोमाच्या वेळीं वधूच्या ओंजळींत लाह्या घालण्याचा मान तिच्या भावाचा, आणि वराचा कान पिळून आहेर घेण्याचा हक्कही त्याचाच.

पुढें नाटकांत या नात्याची पत घसरलेली दिसते. ‘मृच्छकटिका’तील शकार हा राजाच्या रखेलीचा भाऊ. मूर्ख, क्रूर, आणि बहिणीच्या जोरावर मिरवणारा असा हा राजश्यालक प्रेक्षकांच्या तिरस्काराचा विषय झाला.

शिवीचा डंख मात्र याहून निराळा आहे. परक्या पुरुषास ‘साला’ म्हणणें म्हणजे ‘तुझी बहीण माझी बायको’ असें सुचविणें होय. बोलणारा पुरुष, ऐकणाराही पुरुष. जिचा उपमर्द होतो ती बाई तेथें नसतेच.

मराठीचे घरचे शब्द ‘मेहुणा’ आणि ‘साळा’. शिवीसाठीं मात्र हिंदी वळणाचें ‘साला’ हेंच रूप रुळलें. झाडीबोलींत तर ‘ळ’ मुळींच नाहीं, डोळ्याचा तेथें ‘डोरा’ होतो. ‘मेहुणा’ या शब्दांत आणखी एक जुनी खूण आहे. प्राकृतांत ‘मेहुणिआ’ म्हणजे बायकोची बहीण, आणि मामाची मुलगीही. आते-मामे भावंडांच्या विवाहाची ही चाल गोंड आणि माडिया समाजांत, तशीच सिरोंच्याकडील तेलुगू भाषकांतही परिचित आहे. जेथें मेहुणा हा मुळांतच मामाचा किंवा आत्याचा मुलगा, तेथें तो परका राहत नाहीं. तेलुगूंतील ‘बावमरिदी’ हा शब्द म्हणूनच आपुलकीचा वाटतो.

एकाच अरण्यांत, एकाच नात्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि शेजारीं शेजारीं नांदतात. एकींत मुलगी देणारें घर खालच्या पायरीवर बसतें, दुसरींत देणारा आणि घेणारा बरोबरीनें बसतात. शब्द कोणाच्या हुकुमानें हद्दपार होत नाहींत. ‘साला’ही होणार नाहीं. परंतु लग्नांत ज्याच्या हातून लाह्या घेतल्या, त्याचेंच नांव बाजारांत शिवी म्हणून फेंकतांना, त्या लाह्या ज्या ओंजळींत पडल्या तिची आठवण बोलणारानें ठेवावी, एवढें मागणें अवाजवी नव्हे.