आधी कागद, मग तार

आज आम्ही विजेचा हिशेब सांगणार आहोत.

आमच्या शेजारी एक सुतार राहतात. घरामागे 30 मीटरवर त्यांनी पत्र्याची शेड उभारली, रंध्याचं मशीन आणलं. स्वयंपाकघरातल्या प्लगातून बारीक वायर काढली आणि दोरीसारखी शेडपर्यंत ओढली. मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही. शेवटी जळाली. ती भरून आणली. पुढे पावसाळ्यात त्यांच्या कारभारणीचा ओला हात मशीनला लागला. झटका असा बसला की त्या मागे फेकल्या गेल्या. हात सुटला, म्हणून वाचल्या.

मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मोटरीवरची पाटी वाचली. 1 अश्वशक्ती, म्हणजे 746 वॅट. मोटर स्वतःही थोडी वीज खाते, म्हणून 1000 धरले. ग्राइंडरचे 500, दिवे-पंख्याचे 100. बेरीज 1600 वॅट. त्याला 230 व्होल्टने भागलं, आले 7 अँपिअर. मोटर याहून जास्त ओढते, म्हणून 10 धरले. सुरू होताना तर ती क्षणभर कितीतरी पट ओढते. ते 40 धरले.

आता तार. जाऊन-येऊन वाट 60 मीटर. तांब्याची तार 1 चौरस मिलिमीटरची असली, तर 40 अँपिअरला वाटेतच 40 व्होल्टच्या वर खर्च होतात. मग मोटर फिरणार कशी? तार 4 चौरस मिलिमीटरची घेतली, तर 11च जातात. बारीक नळीने लांबच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच हे.

मग कागदावर चार गोष्टी लिहिल्या.

एक : शेडची लाइन घरच्या मेनपासून वेगळी.
दोन : आर्मर्ड केबल, जमिनीत अडीच फूट खोल.
तीन : शेडच्या दाराशी मेन स्विच आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी.
चार : प्रत्येक मशीनला अर्थिंग.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही वाचला. कमी पडत होता, म्हणून वाढवण्याचा अर्ज सुतारांनी स्वतःच्या हाताने लिहिला. काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतलं.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. घरी गेल्यावर आपल्या मोटरीवरची पाटी वाचा. वायर त्यानंतर आणा.