कुत्रं हरवलं? आधी धावू नका, खाली बसा

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आज कोडिंग नाही, नोकरी नाही, पगाराच्या गप्पा नाहीत. आज टिकलीची गोष्ट.

टिकली म्हणजे आमची कुत्री. देशी, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. आणि गंमत बघा, ही बाई बंदुकीतल्या टिकल्यांनासुद्धा घाबरते.

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. पुण्यात कर्वेनगरला आमचं घर तळमजल्यावर आहे. लक्ष्मी यावी म्हणून आईने दार उघडं ठेवलेलं. सकाळी टिकलीला आंघोळ घातली होती, त्यामुळे तिचा पट्टा गॅलरीत वाळत होता. कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, आणि लक्ष्मी आत यायच्या आधी टिकली बाहेर!

आता मी काय केलं? लॅपटॉप उघडला. खरंच. पोस्टर बनवलं, फॉन्ट बदलले, इन्स्टावर स्टोरी टाकली, बारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पाठवला. दोन तास गेले. लाइक्स भरपूर आले. टिकली नाही आली.

आईने काय केलं? ती गेटवर जाऊन उभी राहिली. वॉचमन काका, इस्त्रीवाले दादा, समोरचा पाणीपुरीवाला, येईल त्याला सांगत सुटली, "तपकिरी कुत्री, कपाळावर ठिपका. दिसली तर पकडू नका, फक्त मला सांगा." आईचं हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलंच नाही.

साडेअकराला टिकली कॅनॉल रोडला दिसली. आम्ही तिघंजण "टिकलीऽऽ" ओरडत धावलो. तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि उलट्या दिशेने पळाली. मंडळी, तो क्षण फार वाईट होता. चार वर्षं माझ्या पायाशी झोपणारी कुत्री मला ओळखत नव्हती.

नंतर आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. भेदरलेल्या कुत्र्याला आपण 'आपण' दिसत नाही. त्याला दिसतं, कोणीतरी मोठं अंगावर धावून येतंय. आणि माझं ओरडणं तिच्यासाठी अजून एक फटाकाच होता. म्हणून पहिला नियम: दिसलं तर धावायचं नाही. जमिनीवर बसायचं, तेही थोडं आडवं, डोळ्यात डोळे न घालता. हळू आवाजात रोजचंच काहीतरी बोलायचं आणि त्याला येऊ द्यायचं.

दुसरा नियम: आधी पाय, मग फोन. घाबरलेलं कुत्रं बरेचदा जवळच कुठेतरी दडून बसतं. गाड्यांखाली, जिन्याखाली, बंद बांधकामाच्या साइटवर टॉर्च मारून बघा, अंधारात डोळे चमकतात. घरी एक माणूस थांबू द्या, दार उघडं ठेवा. आणि रात्री उशिरा किंवा पहाटे, गर्दी नसताना, पुन्हा शोधा.

पोस्टर टाकू नका असं नाही. टाकाच, पण दहा मिनिटांत उरका. एक स्पष्ट फोटो, ठिकाण, वेळ, फोन नंबर आणि "पाठलाग करू नका." जवळच्या दवाखान्यांना, प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागालाही फोन करा. पट्टा नसलेलं देशी कुत्रं लोकांना भटकंच वाटतं, त्यामुळे नसबंदीसाठी कुत्री नेणाऱ्या गाडीत तेही जाऊ शकतं. कोणी चोरून नेल्याचा संशय असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या.

आणि एक खूण पोस्टरवर अजिबात लिहू नका. मला रात्री एक वाजता फोन आला, "तुमची कुत्री सापडली, रिक्षाचे दोन हजार पाठवा." मी यूपीआय उघडलंही होतं. आईने फोन हिसकावला आणि विचारलं, "तिच्या मागच्या पायावर काय आहे?" फोन कट. तुम्हीही व्हिडिओ कॉल मागा. आधी कुत्रं दिसू दे, मग पैशांचं बघू. ओटीपी तर कोणालाच द्यायचा नाही.

पहाटे साडेपाचला कचरा गोळा करणाऱ्या मावशी आल्या. आईने त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ठिपकेवाली ना? त्या बंद टेम्पोखाली बसलीय की." आमच्या घरापासून तीन गल्ल्या! माझी स्टोरी पार नागपूरपर्यंत पोहोचली होती.

मी टेम्पोपासून लांब, रस्त्यावरच बसले. तिच्या बिस्किटांचा स्टीलचा डबा नेला होता. झाकण उघडलं की टक् आवाज येतो, तो तिला पाठ आहे. टक्. थांबले. पुन्हा टक्. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग आधी नाक आलं, मग ठिपका, मग सगळी टिकली माझ्या मांडीवर. रडायला लागले तेसुद्धा आवाज न करता, पुन्हा पळायला नको म्हणून!

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. रात्रभर बाहेर असताना दुसऱ्या कुत्र्याने चावलंय का, रेबीजची लस द्यावी लागेल का, हे तपासून घ्यायलाच हवं.

आता टिकलीला मायक्रोचिपही आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, आत १५ आकडी नंबर. पण ती जीपीएस नाही हं, नकाशावर काही दिसत नाही. कुणीतरी स्कॅनर लावला आणि त्या नंबरावर तुमचा फोन नोंदवलेला असला, तरच उपयोग. त्यामुळे फोन नंबर लिहिलेला पट्टा हवाच. आंघोळीच्या दिवसासाठी आम्ही दुसरा पट्टा घेतलाय.

तर आजचा गृहपाठ. हा भाग संपला की आपल्या कुत्र्याच्या गळ्यात नंबर आहे का बघा. समोरून आणि बाजूने एकेक फोटो काढून ठेवा. आणि गल्लीत पहाटे येणाऱ्या मावशींशी ओळख करून घ्या. मी चार वर्षं त्याच गेटमधून ये-जा करत होते, पण मावशींशी पहिल्यांदा बोलले ते त्या पहाटे.

टिकली आत्ता टेबलाखाली घोरतेय. रेकॉर्डिंगमध्ये आवाज आला तर समजून घ्या. भेटू पुढच्या भागात!