पाच बोटांचं पिल्लू आणि काळी खपली

आज विषय कोंबडीच्या पायांचा. हसू नका. लांब मार्च झाला की जवानांचे पाय तपासणं हे पलटणीत अधिकाऱ्याचं काम असतं. ती सवय आता कोंबड्यांच्या वाट्याला आली आहे.

हथखोज म्हणजे भिलाईचा कारखान्यांचा भाग, तरी घरामागे बाडी असते आणि बाडीत पाच-दहा कोंबड्या. त्यांची जात विचारायची आता सोय राहिली नाही. एखादी गावरान, एखादा बस्तरकडचा असील, हौसेनं आणलेला कडकनाथ, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, नातवासाठी घेतलेली मऊ केसाळ सिल्की. सगळ्यांचा एकच संसार. मग अंड्यातून जे निघेल ते निघेल.

यंदा शेजारी खुडूक कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली. एकाच्या दोन्ही पायांना पाच बोटं, दुसऱ्याच्या एका पायाला पाच आणि एकाला चार. घरातल्या आजी म्हणाल्या, अपशकुन आहे, टाकून द्या. त्याच बाडीत एक मोठी कोंबडी आठवडाभर लंगडत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पिल्लं ठणठणीत होती. आजारी होती ती लंगडणारी.

कोंबडीला सहसा चार बोटं असतात. सिल्की आणि इंग्लंडची डॉर्किंग यांना पाच. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. पण तो लहरीही आहे. कधी एकाच पायात दिसतो, कधी एक पिढी लपून राहतो आणि नातवंडांत उगवतो. म्हणून आईबाप दोघेही चार बोटांचे असले तरी पिल्लू पाच बोटांचं निघू शकतं. पायावरच्या पिसांचंही तसंच. सिल्की, ब्रह्मा, कोचीन यांच्या रक्तातून ती येतात. उघड्या मानेचं पिल्लू तर आपल्या गावरान कोंबड्यांतही निघतं, आणि पिसं कमी असल्यामुळे आमच्या मे महिन्यात ते इतरांपेक्षा सुखी असतं.

कडकनाथाची गंमत वेगळी. काळा कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची कोंबडी यांची पिल्लं पाहा: माद्या काळ्या पडतात, नर बरेच उजळ राहतात. कोंबडा काळा असूनही मुलगे उजळ! कारण काळेपणा रोखणारं जनुक लिंगाशी जोडलेलं आहे आणि आईकडून ते फक्त मुलग्यांना मिळतं. बेटसन आणि पुनेट यांनी सिल्की आणि लेगहॉर्नच्या संकरात हेच पाहून 1911 मध्ये छापलं होतं. आता व्यवहाराचं. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या दंतेवाड्यानंही दावा केला होता, आणि भाव चढला. बाजारात काळ्या पायांची कुठलीही संकरित कोंबडी कडकनाथ म्हणून गळ्यात मारतात. बोटं मोजा. कडकनाथाला चार असतात. पाच निघाली तर विकणाऱ्याला सिल्कीबद्दल विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

आता त्या लंगडणाऱ्या कोंबडीकडे येऊ. तळपाय उलटा केला तर मधोमध काळी, टणक खपली आणि भोवती सूज. हा बंबलफूट. पंजाला बारीक जखम होते, त्यातून स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत जातात आणि आत घट्ट पू साठतो. वजनदार पक्षी उंच दांडीवरून कडक फरशीवर उडी मारतो, तिथून बरेचदा सुरुवात होते. ओलं तूस, तारेचे तुकडे आणि आमच्याकडे लेथचा लोखंडी किसही. सुरुवातीला पकडलं तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, पोव्हिडोन आयोडीन लावून, पट्टी बांधून, कोरड्या जागी ठेवून भागतं. सूज वाढली असेल तर ब्लेड हातात घेऊ नका. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्या. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारून या. आणि हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात.

नडगीवरचे खवले उचललेले, खरबरीत दिसले तर तो वेगळा रोग, खवल्यांखालच्या किडीचा. त्यावर व्हॅसलीन किंवा खाण्याचं तेल पुन्हा पुन्हा चोळायचं, किडीचा श्वास कोंडतो. पायावर पिसं असलेल्या पक्ष्यांत ही लवकर दिसत नाही, म्हणून पिसं बाजूला करून बघा. पिल्लाची बोटं आत वळली असतील तर तो वंशाचा दोष समजू नका. खाद्यात ब जीवनसत्त्वापैकी रायबोफ्लेविन कमी पडलं असेल. नुसत्या कणीवर पिल्लं वाढवली की असं होतं.

पाचव्या बोटाला एकच काळजी लागते. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे नख झिजत नाही आणि वळून मांसात शिरू शकतं. दोन महिन्यांतून एकदा टोक कापा, आतली रक्ताची शीर सोडून. काम रात्री करा. दांडीवर झोपलेली कोंबडी बॅटरीच्या उजेडात निमूट पाय दाखवते, दिवसा मात्र सगळी बाडी पळायला लावते.