हातातले वाद्य आणि पडद्यावरचे वाद्य



संगीताच्या विषयावर संगीतज्ञाला बोलवावे, हीच रीत बरी. आम्ही संगीतज्ञ नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले, आणि जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही आजचा विषय आम्ही आपणहून मागून घेतला. 'पहिला चांगला सिंथेसायझर विकत घ्यावा, की लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवर भागवावे?' हा प्रश्न या तालुक्यातल्या पुष्कळ घरांत आज उभा आहे. हळदीला आणि वरातीला बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा मुलगा बापाजवळ पैसे मागतो. बाप विचारतो, फुकटात संगणकावर होते ते लाखभर रुपये देऊन का करावे? हा प्रश्न दिसायला संगीताचा असला, तरी मुळात अवजाराचा आहे. आणि अवजाराची गोष्ट निघाली म्हणजे कामगारांत वावरलेल्या माणसालाही दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. पेटीत भात्याची हवा पितळी पट्टीला थरथरवते. सिंथेसायझरात हे काम विजेची लहर करते. ती लहर कच्च्या पिठासारखी भरड असते. तिला गाळणी लावली की तीव्र अंश निघून आवाज मऊ होतो. आवाज एकदम उठावा की हळूहळू, चटकन विरावा की रेंगाळावा, तेही ठरवता येते. लहर, गाळणी आणि उठावणी, एवढ्या तीन गोष्टींवर सारा संसार चालतो. १९७० साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यातून मिनिमूग बाहेर पडला, त्याची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती आणि त्यातून एका वेळी एकच सूर निघे. आपल्या रागसंगीतालाही एका वेळी एकच सूर लागतो, हे लक्षात असू द्या. त्याच्या डाव्या बाजूच्या चाकाने सूर ओढता येई. म्हणजे पेटीला जी मींड साधत नाही, ती या यंत्राला साधली.

नवे वाद्य आले की जुन्यांच्या पोटात गोळा येतो, ही आजची गोष्ट नव्हे. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी महाराष्ट्राला डोलायला लावले, तिच्यावर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली, आणि ती १९७१ सालापर्यंत टिकली. पेटी परकी, तिचे सूर ठोकळेबाज, असा आक्षेप होता. पण बंदीच्या त्या तीस वर्षांत पेटी देवळातून गेली नाही, भजनातून गेली नाही, नाटकातून गेली नाही. ज्या वाद्यावर माणसाचे पोट चालते ते हुकमाने मरत नाही.

मात्र पोटात उठलेला गोळा नेहमी खोटाही नसतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात सिंथेसायझर आणला, तेव्हा तो मोठ्या वाद्यवृंदातला एक नवा पाहुणा होता. पुढे १९९० नंतर पाहुणा घरमालक झाला. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, गोव्याहून आलेले ट्रंपेटवाले, एका खोलीत एकत्र बसून होणारे ध्वनिमुद्रण, हे सारे आटत गेले आणि एका माणसाच्या बोटांवर व संगणकावर आले. त्या वादकांची कला कमी पडली नव्हती. त्यांच्यावाचून काम स्वस्तात होऊ लागले, एवढेच.

अशा वेळी संघटनेने काय करावे? दोन दाखले देतो. १९८२ साली ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे बंद करावीत असा ठराव केला. संघटनेने तो देशभराचे धोरण म्हणून स्वीकारला नाही, आणि यंत्रे वाजतच राहिली. त्याच्या उलट, १९४२ साली अमेरिकन वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या पुढारीपणाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकडी एकदा भरली की ती हजार ठिकाणी वाजते आणि हजार वादक घरी बसतात, ही त्यांची तक्रार. पण त्यांनी तबकड्या फोडा म्हटले नाही. तबकडीच्या विक्रीतला वाटा मागितला. डेका कंपनी १९४३ मध्ये नमली, दोन बड्या कंपन्या १९४४ मध्ये नमल्या, आणि त्या वाट्यातून वादकांना काम देणारा निधी उभा राहिला. एकीने यंत्राला नाही म्हटले, दुसरीने यंत्राच्या कमाईचा हिशेब मागितला. यांतला दुसरा मार्ग आम्हांला शहाणपणाचा वाटतो.

आता खरेदीकडे वळू. पुष्कळ जण आधी आवाजावरून वाद घालतात. आमचे नम्र मत असे की, पहिल्या खरेदीत आवाज हा मुद्दा दुय्यम आहे. १९८३ साली निघालेला यामाहाचा डीएक्स-सेव्हन जवळजवळ दोन हजार डॉलरला मिळे. आज त्याची हुबेहूब नक्कल करणारे डेक्स्ड नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आणि त्या डीएक्स-सेव्हनच्या पोटात तरी काय होते? आकडेमोडच. सर्ज नावाचे सॉफ्टवेअर पूर्वी विकत मिळे. २०१८ साली त्याच्या कर्त्याने ते सर्वांसाठी मोकळे केले. तेव्हा आवाजासाठी कर्ज काढण्याचे कारण उरलेले नाही. खरे प्रश्न तीन आहेत.

पहिला प्रश्न: काम कुठे आहे? घरात बसून चाली बांधणाऱ्याला लॅपटॉप उत्तम. हळदीच्या मांडवात गोष्ट वेगळी. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने आणि गठ्ठा २५६ चा असेल, तर सुमारे पाच सहस्रांश सेकंद उशीर होतो. तेवढ्यात आवाज हवेतून पावणेदोन मीटर जातो, म्हणून कानाला कळत नाही. पण लॅपटॉप दुबळा असला की गठ्ठा १,०२४ चा करावा लागतो, उशीर वीस सहस्रांशांवर जातो, आणि ढोलकीवाला व कीबोर्डवाला यांची भांडणे सुरू होतात. शिवाय जनरेटर बदलताना वीज गेली, तर वाद्य पुन्हा काही क्षणांत बोलते. संगणक उठून सॉफ्टवेअर उघडेपर्यंत वरात पुढे निघून जाते.

दुसरा प्रश्न: किल्ली कोणाजवळ? विकत घेतलेले वाद्य तुमचे. काही सॉफ्टवेअरे मात्र महिन्याच्या भाड्याने मिळतात. भाडे थकले की वाद्य मुके. ॲपलने २०१९ साली आपली कार्यप्रणाली बदलली, तेव्हा पैसे देऊन घेतलेली कित्येक जुनी सॉफ्टवेअरे नव्या प्रणालीवर चालेनाशी झाली. सुताराचा रंधा त्याच्या मालकीचा असतो, म्हणून तो मालकाशी मजुरीचा भाव करू शकतो. भाड्याच्या रंध्यावर भाव करणे कठीण.

तिसरा प्रश्न: बिघडले तर? कोकणचा पावसाळा यंत्राचा वैरी आहे. पट्ट्यांखालचे संपर्क दमटपणाने धरतात, बटणे खरखरतात. एवढी दुरुस्ती मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात शोधली तर होऊ शकते. मात्र मुख्य चिप गेली, तर वाद्यवाल्याचे आणि लॅपटॉपवाल्याचे दुःख सारखेच. आणि वाद्याला दुसरा जन्म असतो. रोलँडचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र बास गिटारच्या बदली म्हणून काढले. ते खपले नाही, १९८४ मध्ये बंद झाले आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने गेले. शिकागोच्या गरीब तरुणांनी ते उचलले आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक नवाच पंथ काढला. पण त्यांच्या आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच यंत्र, एक ज्युपिटर-८ आणि एक तालयंत्र घेऊन दहा राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी कोणी फारशी दाद दिली नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले. गिरणगावात संप पेटला होता त्याच वर्षी आपल्याच शहरात हे चालले होते! मोजकी यंत्रे आणि बोटांत मुरलेले राग, एवढ्यावर त्या माणसाने काम केले. दहा हजार तयार टोन पदरी असून ज्याला एकही घडवता येत नाही, त्याने यावर विचार करावा.

म्हणून आमचा सल्ला असा. ज्याला अजून सुपाऱ्या नाहीत, त्याने घरात आहे तोच संगणक, साधा कंट्रोलर कीबोर्ड आणि फुकटची सॉफ्टवेअरे घ्यावीत, आणि वर्षभर लहर, गाळणी, उठावणी शिकावी. ही विद्या पुढे कोणत्याही वाद्यावर लागू पडते. ज्याचे पोट मांडवातल्या वाजवण्यावर आहे, त्याने वाद्यच घ्यावे. जमल्यास जुने, पण वाजवून, प्रत्येक पट्टी दाबून पाहून. हप्ता मात्र मंद्या महिन्यांच्या कमाईतून फिटेल एवढाच असावा, लग्नसराईच्या कमाईवर मोजू नये. पुढे दोन्ही लागली तर भांडण नाही. १९८३ च्या जानेवारीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीची वाद्ये मिडी नावाच्या सामाईक भाषेत एकमेकांशी बोलली. त्या काळचे वाद्य आजच्या लॅपटॉपशीही बोलू शकते. कारखानदार आपसांत एवढे जुळवून घेतात, तर वादकांनी का घेऊ नये?

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्या कीबोर्डात बँजोही निघतो, सनईही निघते, ढोलही निघतो. उद्या यजमान म्हणेल, सहा माणसे कशाला, दोघेच या, आणि पैसेही दोघांचेच घ्या. ज्या मुलाच्या हाती ते वाद्य असेल त्याने त्या क्षणी आपण कोणाच्या पंगतीत बसतो ते ठरवावे. पार्टीने वाद्य सामाईक पैशाने घ्यावे, त्याची कमाई वहीत वेगळी लिहावी, तिच्यातून दुरुस्ती आणि आजारी साथीदाराचा वाटा काढावा, आणि सनईवाल्याला घरी पाठवण्याआधी त्यालाच गाळणी कशी फिरवायची ते शिकवावे. सुराची जाण त्याच्याजवळ आहे, ती यंत्रात भरून मिळत नाही. बापाने मुलाला लाखभर रुपये का, असे जरूर विचारावे. पण त्याबरोबर 'तुझ्याबरोबर वाजवणाऱ्यांचे काय?' हेही विचारावे. या दोन्ही प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याने खुशाल वाद्य घ्यावे.